बिनगव्हाचे स्कोन

ब्रेकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक असतो, त्या जागेवर वर्षानुवर्षं बसून तिला अशी सवय जडली होती की घरातसुद्धा कोणी नको ते बोलायला लागलं की तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलं, सासूबाईंनी ते आनंदाने उचललं आणि बघता बघता सगळ्या इमारतीच्या तोंडी बसलं.

इमारत जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. ब्रेकबाई आणि सासूबाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. ड्रायव्हिंग स्कूल मूळचं नवऱ्याचं. तो गेल्यावर तिने स्कूल चालवायला घेतलं आणि सासूबाईंनी तिला, असं ती गमतीने सांगायची. दोघींचं पटत नव्हतं असं अजिबात नाही. एकत्र राहायच्या, एकमेकींच्या औषधांच्या वेळा पाठ होत्या, एकीला शिंक आली तर दुसरी खिडकी लावायची. पण सासूबाईंकडून कौतुकाची अपेक्षा करणं म्हणजे बंद दुकानासमोर रांग लावण्यासारखं होतं. काहीही करून पुढ्यात ठेवा, त्यांचं उत्तर एकच: "बरं आहे."

रविवारी सकाळी ब्रेकबाई स्कोन करायची. स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किट यांच्या मधला प्रकार. वरून खरपूस, आतून मऊ, मधोमध फोडून लोणी आणि जॅम लावून खायचा. मैद्यात गार लोणी बोटांच्या टोकांनी चुरायचं, दुधाने जेमतेम गोळा करायचा, फार मळायचं नाही, थापून वाटीने गोल कापायचे आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवायचे. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुकांवर नजर ठेवून बसल्यावर तिला एक तरी काम असं हवं असायचं, ज्यात समोरचा माणूस एकदम डावीकडे वळणार नाही.

तळमजल्यावर लिफ्टवाले राहायला आले, त्याला आता वर्ष होत आलं होतं. लिफ्टा बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. जन्मभर लोकांना वर-खाली करून त्यांना उंचीचाच कंटाळा आला होता, म्हणून घर घेताना तळमजलाच हवा आणि इमारतीत लिफ्ट नको, अशा त्यांच्या दोन अटी होत्या. एकटेच होते. अंगाने काटकुळे, बोलायला गोड, आणि 'नाही' हा शब्द तोंडातून काढताना घसा बसल्यासारखं करणारे. आल्या आल्याच त्यांनी ब्रेकबाईच्या ओव्हनचं दार दुरुस्त करून दिलं. ते दार नीट लागत नव्हतं आणि स्कोन एका बाजूने करपायचे. पैसे घेईनात, म्हणून तिने पुढच्या रविवारी गरम गरम स्कोनची बशी नेऊन दिली. त्यांनी दोन्ही हातांनी बशी घेतली आणि म्हणाले, "वा, फारच छान."

तेव्हापासून दर रविवारी बशी खाली जायला लागली. सोमवारी सकाळी जिन्यात ती धुऊन-पुसून परत यायची आणि तिच्याबरोबर अभिप्रायही. "कालचे एकदम हलके झाले होते, बाई. मागच्या वेळी जरा बसले होते, नाही?" किंवा, "बेकिंग पावडर जुनी झालीय का बघा." किंवा, "लिंबाची साल किसून घातली तर?" दोनदा तर म्हणाले, "असे स्कोन हॉटेलातसुद्धा मिळायचे नाहीत." ब्रेकबाईला अगदी भरून यायचं. याला म्हणतात खाणारा माणूस, असं ती सासूबाईंना ऐकवायची. सासूबाई म्हणायच्या, "असेल."

सासूबाईंच्या वाट्याला स्कोन नव्हते. त्यांना साखरेचा आजार होता. मैदा नको, जॅम तर नकोच नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि ब्रेकबाईने ते इतकं मनावर घेतलं होतं की उरलेल्या स्कोनचा डबा ती कपाटाच्या डोक्यावर ठेवायची. सासूबाईंनी कधी कुरकुर केली नाही. रविवारी दुपारी सुनेचे धडे असायचे, तेव्हा त्या पाय मोकळे करायला म्हणून तळमजल्यावर उतरायच्या आणि लिफ्टवाल्यांशी पत्ते खेळायच्या. तपासणीत मात्र साखर काही केल्या खाली येत नव्हती. डॉक्टरीणबाई आकड्यांकडे पाहून कपाळाला आठ्या घालायच्या आणि ब्रेकबाई घरी येऊन बटाटेसुद्धा मोजून वाढायची.

एका रविवारी तिच्या विद्यार्थिनीने गर्दीच्या चौकात घाबरून स्टिअरिंगच सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ब्रेकबाईने गाडी कडेला घेतली, तिला पाणी पाजलं, समजूत घातली आणि स्वतः चालवत तिला घरी सोडलं. अर्धी दुपार मोकळी मिळाली. घरी परतताना तिला दिसलं की लिफ्टवाल्यांचं दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलंय. सासूबाईंना हाक मारावी म्हणून ती आत डोकावली.

टेबलावर पत्ते पालथे पडले होते. सासूबाई खुर्चीत मागे रेलून बसल्या होत्या. हातात अर्धा स्कोन, हनुवटीला जॅम. समोर लिफ्टवाले नुसता काळा चहा पीत होते आणि बशीतला शेवटचा स्कोन त्यांच्याकडे सरकवत होते.

"बसा ना, बाई," लिफ्टवाले म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मी उभीच बरी."

सासूबाईंनी तोंडातला घास शांतपणे संपवला. "तुझा धडा होता ना आज?" त्यांनी विचारलं, जणू काही चोरी ब्रेकबाईचीच पकडली गेली होती.

"आई, हे काय चाललंय?"

"पत्ते."

ब्रेकबाईचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. ती लिफ्टवाल्यांकडे वळली. "त्यांना साखरेचा त्रास आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," लिफ्टवाले म्हणाले आणि पांढरे पडले. "काकू म्हणाल्या की त्यांना फक्त दातांचा त्रास आहे."

"तोही आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मी तुमच्यासाठी दिलेले स्कोन तुम्ही त्यांना का देता? एखादा दिला तर समजू शकते. सगळे?"

लिफ्टवाल्यांनी कप खाली ठेवला, बशीच्या बरोबर मधोमध आणला, मग जरा डावीकडे सरकवला. शेवटी म्हणाले, "मला गहू चालत नाही."

"म्हणजे आवडत नाही?"

"म्हणजे आजारी पडतो. गव्हात ग्लूटेन म्हणून असतं, पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा. ते माझ्या आतड्यांना सोसत नाही. कणभर पोटात गेलं तरी आडवा होतो. त्यावर औषध नाही. खायचं नाही, एवढंच."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दारात बशी घेऊन उभ्या होतात. स्कोन गरम होते. तुम्ही इतक्या खुशीत होतात की म्हटलं, एकदाच तर आहे."

"आणि दुसऱ्या रविवारी?"

"दुसऱ्या रविवारी तुम्ही पहिल्या रविवारचं विचारलं असतंत."

ब्रेकबाईने सासूबाईंना हाताला धरून उठवलं आणि वर नेलं. जिन्यात सासूबाई म्हणाल्या, "निदान वाया तरी नाही गेले," आणि ब्रेकबाई म्हणाली, "आई, आत्ता काही बोलू नका."

ती चांगलीच रागावली होती. आधी सासूबाईंच्या तब्येतीवरून, मग फसवणुकीवरून, मग डॉक्टरीणबाईंना आता काय तोंड दाखवायचं यावरून. पण संध्याकाळी सूप ढवळता ढवळता तिच्या डोक्यात भलताच प्रश्न आला आणि तिने गॅस बारीक केला.

"आई, त्यांनी माझे स्कोन कधी तोंडातच घातले नाहीत ना?"

"नाही बाई. बिचारे बशीला हातसुद्धा जपून लावायचे."

"मग बेकिंग पावडर जुनी झालीय, हे त्यांना कसं कळलं?"

सासूबाई टेबलाशी बसून चमचा पुसत होत्या. त्या तो आणखी जोरात पुसायला लागल्या.

"लिंबाची साल किसून घाला, हे कोणी सुचवलं?"

"साल बरी लागली," सासूबाई म्हणाल्या.

"आणि 'असे स्कोन हॉटेलातसुद्धा मिळायचे नाहीत' हे?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "ते मी एकदाच म्हणाले होते. त्यांनी तुला दोनदा सांगितलं असेल तर तो त्यांचा आगाऊपणा."

ब्रेकबाई त्यांच्यासमोर खुर्चीत बसली. या घरात आल्यापासून ज्या शब्दांची ती वाट पाहत होती, ते शब्द वर्षभर दर सोमवारी तिला जिन्यात मिळत होते, आणि तिने ते भलत्याच माणसाच्या नावावर जमा केले होते.

"मला का नाही कधी म्हणालात?"

सासूबाईंनी चमचा पुन्हा उचलला. "तोंडावर कौतुक केलं की माणूस ढिला पडतो, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं. त्यांनी मला कधी केलं नाही."

"मग तुम्हाला बरं वाटायचं?"

"छे. फार वाईट वाटायचं," सासूबाई म्हणाल्या. "सूप लागतंय बघ खाली."

पुढचे काही दिवस वरचा आणि खालचा मजला एकमेकांशी बोलत नव्हता. म्हणजे ब्रेकबाई बोलत नव्हती. लिफ्टवाल्यांनी आपल्या परीने माफी मागितली: जिन्यातला लुकलुकणारा दिवा बदलला, सैल झालेला कठडा घट्ट केला, आणि पहिल्या मजल्याच्या पत्रपेटीच्या कुलपात कोणी सांगितलेलं नसताना तेल घालून ठेवलं. सासूबाईंचा मात्र जीव कासावीस झाला. स्कोन बंद, पत्ते बंद, गप्पा बंद. "चूक त्यांची आणि घरकैद मला," त्या स्वतःशीच पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या.

रविवार आला. ब्रेकबाईने सवयीने मैद्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि परत लावलं. न खाता इतकं गोड बोलणारा माणूस खाऊन काय बोलेल, हे तिला जाणून घ्यायचं होतं. शिवाय तिच्यातल्या शिक्षिकेला हे आव्हानच वाटत होतं. ती म्हणाली, "आई, गहू न घालता स्कोन होतात का बघू या?"

सासूबाई इतक्या चपळाईने उठल्या की त्यांचे गुडघे दुखतात यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

पहिला घाणा नुसत्या तांदळाच्या पिठाचा. दिसायला झकास, पण हातात घेतला की वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळायचा. सासूबाईंनी चमच्याने खाल्ला आणि म्हणाल्या, "बरं आहे." मग सुनेचा चेहरा पाहून त्यांनी स्वतःला सावरलं. "नाही, बरं नाहीये. वाईट आहे."

दुसऱ्या घाण्यात कॉर्नफ्लोअर आणि अंडं घातलं. ते स्कोन ढासळले नाहीत. ते काहीच करेनात. सुरी लावली तर सुरी वाकडी व्हायला लागली. त्यातला एक ब्रेकबाईने खिडकीचं दार आपटू नये म्हणून फटीत अडकवला आणि तो तिथे पुढे कितीतरी दिवस इमानेइतबारे काम करत राहिला.

मग तिने मनाशी विचार केला. मैदा काय करतो? धरून ठेवतो. मैद्याऐवजी धरून ठेवणारं दुसरं कोण? त्याच वेळी टेबलावर सासूबाईंचा ग्लास उभा होता. पोट साफ राहावं म्हणून त्या रोज पाण्यात इसबगोल घालून घ्यायच्या, आणि आज स्कोनच्या नादात घ्यायच्या विसरल्या होत्या. पाण्याची घट्ट जेली झाली होती. ब्रेकबाईने ग्लास उपडा धरला. थेंबसुद्धा पडला नाही.

"आई, तुमचा इसबगोल घेऊ का थोडा?"

"तुलाही त्रास व्हायला लागला?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

तांदळाचं पीठ, त्यात थोडं बटाट्याचं स्टार्च, वर चमचाभर इसबगोल. गार लोणी चुरून दूध घातल्यावर गोळा आधी चिखलासारखा सैल वाटला. ब्रेकबाईने तो झाकून फ्रिजमध्ये ठेवला आणि दोघी गप्पा मारत बसल्या. जरा वेळाने पाहिलं तर पीठ छान आवळून आलं होतं. ओव्हनमध्ये स्कोन फुगले, वरून तडकले, कडांना सोनेरी झाले. फोडल्यावर आतून वाफ आली. सासूबाईंनी चव घेण्यापुरता कोपरा मोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाल्या, "हा स्कोन आहे."

ब्रेकबाईने बशी भरली, केसांवरचं पीठ झटकलं आणि खाली गेली. दार उघडल्यावर लिफ्टवाल्यांनी आधी तिच्याकडे आणि मग बशीकडे पाहिलं.

"यात गहू नाही," ती म्हणाली. "तांदूळ आणि बटाटा आहे. आणि दुसरं एक आहे, ते नंतर सांगेन."

त्यांचा चेहरा असा उजळला की तिचा उरलासुरला राग जिन्यातच राहिला. त्यांनी हात पुढे केला. आणि तो तसाच हवेत थांबला.

"बाई," त्यांनी विचारलं, "हे कुठल्या फळीवर थापलेत?"

"आमच्या नेहमीच्या."

"मैदा थापता त्याच?"

"धुतलीय ना मी."

लिफ्टवाल्यांच्या कपाळावर घाम आला. ते बशीकडे पाहत राहिले, मग पायपुसण्याकडे, मग पुन्हा बशीकडे. "लाकडाच्या भेगांत पीठ राहतं," ते शेवटी म्हणाले. "मला हे खाता येणार नाही."

तिचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला गेला. पण समोरचा माणूस इतका घाबरला होता, आणि तरी आपल्या शब्दावर ठाम होता, की तिला हसू यायला लागलं. "हेच मागच्या वर्षी बोलला असतात," ती म्हणाली, "तर माझ्या सासूची साखर वाढली नसती."

"तुम्ही रागावलात?"

"नाही. पहिल्यांदाच आपणहून खरं बोललात. फळी नवी आणते, पण ओव्हनचं काय? घरभर मैदा उडालेला असतो आमच्या."

"माझ्याकडे आहे ओव्हन," लिफ्टवाले म्हणाले. "म्हणजे आत सामान आहे. पण ओव्हन आहे."

आतलं सामान बाहेर काढण्यातच पुढच्या रविवारची सकाळ गेली. लिफ्टवाल्यांनी घर घेतल्यापासून ओव्हन कपाट म्हणूनच वापरला होता. त्यातून तारांची भेंडोळी निघाली, स्प्रिंगा निघाल्या, डबाभर स्क्रू निघाले, आणि मजल्यांचे आकडे असलेली पितळी बटणं निघाली, जी त्यांनी मोडीत निघालेल्या लिफ्टांमधून हौसेने जमवली होती. सासूबाई खुर्चीत बसून बटणं हातात घेऊन पाहत होत्या. "यातला बारावा मजला मला द्या," त्या म्हणाल्या, "मी कधी गेले नाहीये."

ब्रेकबाई नवी फळी, नवा ट्रे आणि नवं भांडं घेऊन आली होती. येण्याआधी तिने अंघोळ करून धुतलेले कपडे घातले होते, एखाद्या ऑपरेशनला निघाल्यासारखं. लिफ्टवाल्यांनी भिंग घेऊन बेकिंग पावडरीच्या आणि पिठीसाखरेच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली, कारण गहू कुठेही लपून बसतो असा त्यांचा अनुभव होता. एक पाकीट त्यांनी बाजूला ठेवलं. "हे नको," ते म्हणाले. आज त्यांना नाही म्हणायची चटकच लागली होती.

पीठ कालवलं, झाकून ठेवलं, थापलं, कापलं, ओव्हनमध्ये गेलं. आधी घरभर तेल आणि लोखंडाचा वास सुटला, मग हळूहळू लोण्याचा. ट्रे बाहेर आला तेव्हा तिघंही त्याच्याभोवती उभे होते. लिफ्टवाल्यांनी एक स्कोन उचलला, फुंकर घातली, आणि बाकीच्या दोघी बघत असताना सरळ आपल्या चहाच्या कपात बुडवला.

स्कोन विरघळला. अर्धा हातात राहिला, अर्धा कपाच्या तळाशी गेला. लिफ्टवाले कपात पाहत राहिले. खेळणं गटारात पडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला.

"अहो, बुडवायचं कशाला?" ब्रेकबाई म्हणाली. "नुसता खा की."

"खातो," ते म्हणाले आणि चमच्याने तळ ढवळायला लागले. "तसं नाही, बाई. मला पावाची आठवण येत नाही, केकची येत नाही. पण कामावर असताना, हा आजार कळायच्या आधी, आम्ही सगळे लिफ्टच्या खोलीत बसून चहात काहीतरी बुडवून खायचो. बुडवलेल्या घासाची चव वेगळीच असते. ती गेली ती गेलीच. बिनगव्हाचं काहीही बुडवलं तर बुडतंच."

सासूबाई म्हणाल्या, "स्कोन चहात टिकत नाही ना? मग चहाच स्कोनवर घाला."

"ओला लगदा होईल, आई."

"तसा नाही गं. तू केकवर ते साखरेचं ओततेस ना, चकचकीत, वाळून घट्ट होणारं. ते पाण्याऐवजी चहात कर."

ब्रेकबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग भांडं गॅसवर ठेवलं. अगदी थोडं पाणी, त्यात चहाची पत्ती नेहमीच्या कितीतरी पट. उकळल्यावर बराच वेळ झाकून ठेवलं. गाळलं तेव्हा तो चहा इतका काळा आणि कडू झाला होता की चाखताना तिचे दोन्ही डोळे आपोआप मिटले. त्यात पिठीसाखर घातली, लिंबाचे थेंब पिळले. पहिल्या खेपेला पाक पातळ झाला आणि स्कोनवरून घसरून ओट्यावर, तिथून लिफ्टवाल्यांच्या चपलेवर गेला. साखर वाढवली. दुसऱ्या खेपेला तो चमच्यावरून संथ, जाड धारेने उतरला, स्कोनच्या डोक्यावर पसरला, कडांवरून थोडा ओघळला आणि तिथेच थबकला. रंग फिकट तपकिरी, वर काचेसारखी चमक.

"वाळू दे," सासूबाई म्हणाल्या. "कोणी हात लावायचा नाही."

तिघं ट्रेकडे पाहत बसले. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ब्रेकबाईचं लक्ष क्षणभरसुद्धा तिकडे गेलं नाही.

मग लिफ्टवाल्यांनी एक उचलला. या वेळी बुडवला नाही. घास घेतला. चावताना ते थांबले, आणखी चावले, गिळला, आणि उरलेल्या स्कोनकडे असे पाहत राहिले, जणू त्यात कोणी ओळखीचं दिसलंय.

"चहा आहे," ते म्हणाले.

"आहेच."

"नाही, म्हणजे, बुडवलेला आहे." त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. संपवून हात झटकले आणि ब्रेकबाईकडे पाहिलं. तिला दिसलं की ते काहीतरी गोड बोलणार होते आणि त्यांनी ते परत गिळलं. "मीठ थोडं कमी पडलंय," ते म्हणाले.

"कुठे कमी पडलंय?" सासूबाई एकदम ताठ झाल्या. "मी मघाशी तुमचं लक्ष नसताना कोपरा खाल्ला ना. अगदी बरोबर आहे. इतका चांगला स्कोन माझ्या सुनेने आजवर केला नव्हता, आणि तिने चांगले भरपूर केलेत."

आपण काय बोललो ते सासूबाईंच्याही लक्षात आलं आणि त्या घाईघाईने पितळी बटणं पुसायला लागल्या. ब्रेकबाई ओट्याकडे तोंड करून, आधीच स्वच्छ असलेली फळी पुन्हा धूत राहिली. पाणी बराच वेळ वाहत होतं. लिफ्टवाल्यांना वाटलं आपल्यामुळेच भांडण लागलं, म्हणून ते हळूच म्हणाले, "तितकंही कमी नाहीये."

"आता बदलू नका," ब्रेकबाई पाठमोरीच म्हणाली. "मीठ कमी आहे. पीठ कालवतानाच मला वाटलं होतं."

त्या दिवसापासून रविवारचे स्कोन तळमजल्यावर व्हायला लागले. सासूबाईंना अर्धा मिळायचा, पाकाशिवाय आणि जॅमशिवाय, आणि तो खाताना त्या चोरून खाल्ल्याइतकाच वेळ लावायच्या. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीत आठ्या घातल्या नाहीत. इसबगोलाचं गुपित लिफ्टवाल्यांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ विचारात पडले, पण खाणं काही थांबवलं नाही.

एकदा बशा आवरताना ते म्हणाले, "बाई, मी गाडी शिकावी म्हणतो. जन्मभर वर-खाली केलं. पुढे असा कधी गेलोच नाही."

"या वयात?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," लिफ्टवाले म्हणाले.

"मग मी मागे बसणार."

नदीकाठचा रस्ता सकाळी मोकळा असतो, म्हणून ब्रेकबाईने त्यांना तिकडे नेलं. लिफ्टवाल्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू ते उडून जाईल. मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर स्कोनचा डबा घेऊन बसल्या होत्या आणि डब्याच्या झाकणाकडे नेमकी कोणाची नजर आहे हे आरशात पाहत होत्या. गाडी पुढे सरकली. इतकी हळू की एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना मागे टाकून गेला. सासूबाईंनी काच खाली केली आणि त्याला हात केला.